एक नंबर जाड

तुर्भ्याच्या दुकानात काचेवर
वीरजीभाईंनी दोन मुठी ओतल्या.
एक चकचकीत, नुकत्या घासलेल्या भांड्यासारखी,
एक मळकट राखाडी.
दोन्ही साडेपाच बाय पंचवीस,
दोन्हींच्या टोकाला तीच बारीक चोच,
डोक्याखाली तीच काळी रबरी टिकली.
"हा एक नव्वद, हा तीन चाळीस. बोला."

चौदा हजार नग.
मी मनातल्या मनात दीड रुपयाने गुणलं.
महापेच्या कागद-गोदामाच्या एस्टिमेटात
स्क्रूची ओळ सगळ्यात खाली असते,
चहापाण्याच्या जेमतेम वर.
तिथून एकवीस हजार काढायचे.

काशिनाथ भोपीने चकचकीतातला एक उचलला,
नखाने टिकली सोडवली, दुमडली.
घडीवर पांढरी रेघ उमटली.
मग राखाडीची दुमडली आणि सोडली.
ती सावकाश सरळ झाली,
झोपेत कूस बदलावी तशी.
"आपल्यापासून खाडी किती लांब?"
मी म्हटलं, असेल दोन-अडीच किलोमीटर.
"वाऱ्याला रिक्षा लागत नाही, साहेब."

तळोज्याला स्वस्तातले मीच घेतले होते.
दुसऱ्या उन्हाळ्यानंतर मालकाचा फोन आला.
शिडीने वर गेलो, पत्रा चटके देत होता,
प्रत्येक डोक्याभोवती तांबडा ओघळ,
कपाळावर कुंकू फिसकटावं तसा.
टिकल्या तडकलेल्या,
बोट लावलं की भुगा.
भोपीने एक अख्खी शोधून काढली
आणि माझ्या तळहातावर ठेवली.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
ती अजून माझ्या खणात आहे,
स्टेपलरच्या पिनांबरोबर.

"राखाडी," मी म्हणालो.
एकवीस हजार कुठे दाखवायचे
ते तेव्हा ठरलं नव्हतं.
अजूनही नीटसं नाही.

महापेला वर भोपी पोरांना कानाने शिकवतो.
चोच आधी पत्रा खाते, मग खालची पर्लिन,
आवाज जाड होतो, जाड होतो,
आणि एकदम मोकळा.
तिथे बोट सुटलं पाहिजे.
उशीर झाला की टिकली चेपून जीभ बाहेर काढते,
घाई केली की डोक्याखाली सैल फिरत बसते.
"मग किती दाबायचं?" यदुनाथ विचारतो,
कामावरचा त्याचा चौथा दिवस.
"कडेने जराशी डोकावली की बास.
दाराआडून पोर पाहुण्याला बघतं ना,
तेवढी."

चार वाजता चहा येतो आणि निवत राहतो.
आधी ब्रश.
भोकाभोकातून निघालेला लोखंडी कीस
रात्रभर पत्र्यावर राहिला
तर सकाळी निळ्या रंगावर गंजाची देवी उठते.
केटली घेऊन आलेला पोरगाही
आता न सांगता एक कोपरा झाडतो.

शेवटी उरले दोनशे बारा.
पिशवीची गाठ मारत होतो, भोपी आला.
वाटलं, हेच मागेल.
"हे नकोत. ह्याच्याहून एक नंबर जाड मिळतील?"
दिवाळ्याला बहिणीची सुकटीची शेड आहे,
वाऱ्याने पत्रा उचकटला,
तोच परत बसवायचा, भोकं तीच.
"जुन्या भोकात त्याच मापाचा स्क्रू
नुसता गरगरतो. धरत नाही."

वीरजीभाईंकडून आणले,
सहा पॉइंट तीन, राखाडी, साठ नग.
बिल कुणाच्या नावाने, त्यांनी विचारलं,
मी माझं सांगितलं.
दोनशे अठ्ठ्याऐंशी झाले.
भोपीने तीनशे दिले,
बारा परत करायला लागलो
तर हात मागे घेतला.
"राहू द्या. आणि खणातली ती टिकली
टाकून द्या आता."

मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.
टाकलेली नाही अजून.
मधूनच दुमडून बघतो.
आता तिला दुमडायलाही
फारसं काही उरलेलं नाही.